कथा लिहून होते, पण पाठवायला हात धजत नाही

कपाटातली_कथा
लिहायचं माझं अडत नाही, अडतं ते पाठवताना. कथा पूर्ण असते, दोन भरवशाच्या माणसांनी वाचलेली असते, मासिकाचा पत्ता समोर असतो. मेल उघडते, फाइल जोडते, ‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार’ इथवर येते आणि मग वाटतं, तिसऱ्या पानावरचा तो संवाद एकदा बघूनच घ्यावा. संवाद बघता बघता शेवटही खटकायला लागतो. मेल ड्राफ्टमध्ये जातो तो जातोच.

मागे एकदा मन घट्ट करून एक कथा पाठवली होती. दोन ओळींचं ठरावीक उत्तर आलं, साभार परत. त्यानंतर कितीतरी महिने काही पाठवलं नाही, लिहीत मात्र होते. कधीतरी उसनं अवसान आणून पाठवायचं, असं नकोय मला. सवय हवी आहे. नियमित पाठवणारे हे कसं जमवतात? आणि ‘नकार मनाला लावून घेऊ नका’ एवढं कृपा करून सांगू नका, ते सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

पहिली_चाळणी
एका नियतकालिकाकडे आलेलं साहित्य आधी वाचून काढायचं काम मी करतो. संपादकांसमोर जायच्या आधी कथा माझ्यासारख्यांच्या हातून जाते, म्हणून आतली बाजू सांगतो.

कथा परत जाण्याची कारणं पुष्कळदा इतकी रूक्ष असतात की कळली तर लेखकाला हसू येईल. अंकाची पानं ठरलेली असतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची एक कथा आम्ही आधीच घेतलेली असते. तुमची चांगली असते, पण तीही त्याच म्हाताऱ्याची. शब्दमर्यादा अडीच हजारांची असते आणि कथा चार हजारांची, कापत बसायला कोणाला सवड नसते. काही कथा कच्च्या असतात म्हणूनही परत जातात, ते कशाला नाकारा. पण दोन ओळींच्या छापील उत्तरावरून तुमच्या कथेचं यातलं काय झालं हे कळायला मार्गच नाही. मग त्यावरून स्वतःची लायकी ठरवायची तरी कशी?

संपादकाने त्या छापील मजकुराखाली स्वतःची एक ओळ लिहिली असेल, ‘पुढची कथा जरूर पाठवा’ अशी, तर ती शिष्टाचाराची समजू नका. शिष्टाचाराला वेळ कोणाकडे आहे? तिथे पुढची कथा लवकर पाठवायची. गंमत म्हणजे लोक नेमके तिथेच संकोचतात, की लगेच पाठवली तर हावरटपणा दिसेल. आम्ही मात्र वाट बघत असतो.

आणि ते सोबतचं पत्र. ‘माझा हा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा’, ‘आपल्या दर्जेदार अंकास शोभेल की नाही, शंका वाटते’ अशी पत्रं सतत येतात. लेखकालाच शंका आहे म्हटल्यावर मी कथा कोणत्या मनाने उघडायची? कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित आहे, आणखी कुठे पाठवली आहे का, आणि स्वतःबद्दल एक वाक्य. संपलं. हे एकदाच लिहून ठेवा आणि दर वेळी फक्त नाव बदला. तुमचा मेल नमस्कारापाशी थांबतो ना, तिथे शब्द शोधत बसायची वेळच येऊ देऊ नका.

ओळीत_तीन
मी कविता पाठवते, एका वेळी तीन ते पाच. धीर वगैरेच्या भानगडीत मी पडत नाही. लिहिणारी बाई वेगळी आणि पाठवणारी वेगळी. दुसरीला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही, ती नुसती कारकून आहे. महिन्यातला एक रविवार तिचा, त्या दिवशी कुठल्याही कवितेतला काना-मात्रा बदलायचा नाही.

तिच्याकडे एक तक्ता असतो. कविता, कुठे पाठवली, कधी, काय उत्तर आलं. सगळ्यात कामाचा रकाना शेवटचा: ‘इथून परत आली तर कुठे’. तो मी पाठवायच्या आधीच भरते. परत आली की त्याच संध्याकाळी पुढच्या पत्त्यावर रवाना. रडायचं ते रवाना केल्यावर.

रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन विज्ञानकथाकाराने १९४७ साली लिहिणाऱ्यांसाठी पाच नियम मांडले होते: लिहा, लिहिलेलं पुरं करा, संपादकाने सांगितल्याशिवाय पुन्हा लिहीत बसू नका, बाजारात पाठवा, आणि विकलं जाईपर्यंत पाठवत राहा. कवितेच्या बाबतीत तिसरा मला अजिबात मान्य नाही. पण कपाटातली_कथा, तुमच्या त्या तिसऱ्या पानावरच्या संवादासाठी तोच औषध आहे!

नकारघंटा
मी किम लियाओ या अमेरिकन लेखिकेचा मार्ग धरलाय. त्यांनी २०१६ मध्ये एक लेख लिहिला होता, वर्षाला शंभर नकार मिळवण्याचं उद्दिष्ट ठेवा म्हणून. नकार आला की आकडा एकाने पुढे जातो, त्यामुळे वाईट वाटायच्या ऐवजी हिशेब लागतो. शंभर माझ्या आवाक्याबाहेर आहेत, मी आपला माझ्यापुरता आकडा ठरवलाय.

पहिली_चाळणी
@नकारघंटा, तुमचं ठीक, पण या शंभरीपायी लोक अंक न चाळता पाठवतात. ललित लेखच छापणाऱ्यांना भयकथा! आधीच ढीग वाढलेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे साहित्य स्वीकारणं काही काळ बंदच ठेवावं लागलं होतं. किमान एक अंक वाचा, मग पाठवा.

कपाटातली_कथा
पत्राचा मसुदा आजच करून ठेवते. एक विचारायचं राहिलं. नकार तरी कळतो, पण उत्तरच आलं नाही तर? आणि तोवर तीच कथा दुसरीकडे पाठवली तर चालते का?

ओळीत_तीन
त्यांच्या नियमावलीत उत्तराची मुदत दिलेली असते. ती उलटून गेली की एकच सौम्य ओळ: ‘अमुक तारखेला पाठवलेल्या कथेबाबत काही निर्णय झाला आहे का?’ त्यालाही उत्तर नाही, तर कथा मागे घेत असल्याचं कळवा आणि पुढच्या पत्त्यावर पाठवा. एका वेळी दोन ठिकाणी चालतं की नाही हेही नियमावलीतच असतं. चालत असेल, तर एकीकडे स्वीकारल्याबरोबर दुसरीकडे कळवायचं, त्याच दिवशी. आणि मधल्या काळात कथा फेसबुकवर टाकू नका. कित्येक ठिकाणी ती मग ‘पूर्वप्रकाशित’ धरतात.

पहिली_चाळणी
फाइलला कथेचं आणि स्वतःचं नाव द्या. ‘कथा फायनल नवीन २’ नावाच्या फाइली आत्ता माझ्याकडे ढिगाने पडल्या आहेत, कुठली कोणाची ते देव जाणे.