ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन असताना 'थांबा' म्हणालात कधी? लिहा

भाची नुकतीच रत्नागिरीत ओटीला लागली. काल रात्री तिचा फोन. पेशंटला आपलं काय ऑपरेशन आहे तेच ठाऊक नव्हतं. मावशी, मी बोलू का अशा वेळी? मला सिंधुदुर्गातली माझी पहिली नोकरी आठवली. मालवणकडची बाई टेबलावर. पेपरवर गर्भपिशवी काढणे, खाली नवऱ्याची सही. तिने माझा हात धरला, "गो बाय, गाठच काढतले मा? पिशवी रवतली मा?" भुलीचे डॉक्टर औषध भरत होते. मी म्हटलं, सर थांबा, यांना वेगळंच सांगितलंय. सर्जन भडकले, "नवऱ्याची सही आहे ना?" पण भुलीच्या डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. मग सर्जनना तिच्याशी बोलावंच लागलं. केस पुढे ढकलली, नंतर फक्त गाठ काढली. मला बरेच दिवस स्क्रबला, म्हणजे हात धुऊन टेबलाशी मदतीला, घेतलं नाही. लागलं मनाला. पण ती शुद्धीत होती, विचारत होती! तुमचे अनुभव लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

लांजेकरीण: शाब्बास गं! भाचीला समीरा कोहली खटला सांग. सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २००८. संमती दुर्बिणीच्या तपासणीची, आणि ती भुलीखाली असताना आईची सही घेऊन पिशवी, अंडाशय काढले. कोर्ट म्हणालं, बाई सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, मग तिचीच संमती हवी.

ट्रॉलीवाला मामा: मी सिस्टर नाय. हर्नियाचे आजोबा वाटेत म्हणाले, दुखता उजवीकडे. पेपरवर डावी. दारातच सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरना बोलावलं. आजोबांनी नंतर घरचे आंबे पाठवले.

दापोली ओटी: जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची चेकलिस्ट आहे ना, ती नवीन मुलीचा खरा आधार. भुलीआधी नाव, ऑपरेशन, जागा, संमती पेशंटलाच विचारून घ्यायची. काप घेण्याआधी सगळे पुन्हा थांबतात. मोठ्याने वाचायचं. मग "सर, तुमचं चुकतंय" म्हणायची वेळच येत नाही, कागदच थांबवतो. आणि गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर कोणी सही मागितली तर सरळ नाही म्हण.

चिपळूणची: डबे भरतेय, घाईत. आमच्याकडे मुंबईचा मुलगा फोनवर हो म्हणतो आणि आई गप्प. मी फोन बाजूला ठेवून आईलाच विचारते, "तुम्हाला काय सांगितलं डॉक्टरांनी? तुमच्या शब्दांत सांगा." नुसतं "समजलं ना?" विचारलं की सगळ्या मान डोलावतात.

गुहागर: बायकांच्या नसबंदीलाही नवऱ्याची सही लागत नाही, सरकारी नियमच तसा आहे. अजून किती जणी सही मिळत नाही म्हणून परत जातात. राग येतो.

लांजेकरीण: मामा, आंबे कुठले, देवगडचे?

ट्रॉलीवाला मामा: नाय, घरामागचे रायवळ. पण गोड.

कणकवली: जरा वेगळं विचारते. आईचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिला ऐकू कमी येतं. सही मी करू का?

दापोली ओटी: नाही, आईच करतील. डॉक्टर समजावतील तेव्हा कानाचं मशीन लावलेलं असू दे. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. कुठल्या डोळ्याचं ते आईंनाच बोलू द्या. चष्म्याची डबी विसरू नका.

कणकवली: मशीनचे सेल संपलेत, आजच आणते.