गेस्टचे आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साठलेत, नवीन डेटा कायद्याचं काय?

तारकर्ली_होमस्टे:
मंडळी, आमचा छोटा होमस्टे आहे, घरचीच माणसं चालवतो. बुकिंग झालं की गेस्ट आधारचा फोटो टाकतात, कधी मला, कधी बायकोला, कधी खोल्या बघणाऱ्या पोराला. परवा पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, आमचे आधार नंतर डिलीट करता ना? तो डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्यासारख्यांना पण लागू आहे की फक्त बँका नि मोठ्या हॉटेलांना? २५० कोटी दंड वाचून घाम फुटला.

चिपळूणकर_आयटी:
लागू आहे. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून. २५० कोटी ही वरची मर्यादा आहे हो, सुरक्षेची नीट काळजी घेतली नाही त्यासाठी, किती लावायचा ते प्रकरण बघून डेटा संरक्षण बोर्ड ठरवणार. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते, या कायद्यात ‘सेन्सिटिव्ह’ असा वेगळा वर्गच नाही. २०११ च्या आयटी नियमांत होता, पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपण, बोटांचे ठसे वगैरे. म्हणजे आता काय जास्त जपायचं ते आपलं आपणच ठरवायचं. नाव, फोन, तारीख एकीकडे, आधार-पासपोर्ट कुलपात, आणि मग उरलेलं बघ, यूपीआयचे स्क्रीनशॉट, लहान मुलांचे जन्मदाखले, आजोबांना बिनमिठाचं जेवण हवं म्हणून कोणी पाठवलेली डॉक्टरची चिठ्ठी. हा ढीग सगळ्यात मोठा निघतो आणि त्यातलं ठेवायचं काहीच नसतं.

देवगडचो_बाबू:
कायदो मगे वाच रे, आधी गॅलरी उघड. सुरमईच्या ताटांचे फोटो नि त्यांच्या मधीच लोकांची आधार कार्डां! व्हॉट्सअ‍ॅपात मीडिया व्हिजिबिलिटी बंद कर, मगे फोटो गॅलरीत येवचे नाय, गूगल फोटोजमध्ये कॉपी गेली असतली ती पण काढ. आणि स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढतास तर त्याच्या डाउनलोडमधून फाईल उडवूनच उठ.

तारकर्ली_होमस्टे:
मग आधार मागायचंच नाही का? आणि रजिस्टरचं काय, ते तर वहीत आहे.

चिपळूणकर_आयटी:
वही वहीत आहे तोवर या कायद्याच्या बाहेर, तिचा फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवलास की आत. ओळखपत्र बघ, पण मास्क केलेलं आधार माग, शेवटचे ४ अंकच दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट मिळतं, नाहीतर लायसन्स चालेल. फॉरेनर आला तर त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत ऑनलाइन भरावीच लागते, तिथे पासपोर्टला पर्याय नाही. आणि बॅकअप ठेव रे बाबा, नियमात तेही आहे, नुसतं लपवून ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेत किती कपाटं पाण्याखाली गेली बघितलंस ना.

गुहागर_कट्टा:
+१. फोन हरवला किंवा अकाउंट हॅक झालं तर गप्प बसू नका मात्र. ज्यांचा डेटा गेला त्यांना आणि बोर्डाला लगेच कळवायचं, बोर्डाला सविस्तर माहिती ७२ तासांत. आमच्याकडे आता एकच फोन, त्याला पिन, बुकिंग त्यावरच, पोराला फक्त खोली नंबर नि नाव सांगतो.

तारकर्ली_होमस्टे:
पोराचा फोन आत्ताच घेऊन बसलोय. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली कार्डं पण आहेत ह्यात.