शब्दचर्चा: ‘सेवेस कारणीभूत बहिरेपणा’ बरोबर आहे का?

प्रश्न (परळ, मुंबई)

माझे सासरे पायदळातून निवृत्त झाले. पलटणीत ते बरीच वर्षे मॉर्टरवर (उखळी तोफेवर) होते. डाव्या कानाने त्यांना फार कमी ऐकू येते आणि रात्री कानात किर्र आवाज चालू असतो. अपंगत्व निवृत्तिवेतनाची मागणी फेटाळली गेली, म्हणून आता अपील करायचे आहे. इंग्रजी बाजू वकील बघतील. पण सासऱ्यांचे निवेदन मी मराठीत लिहून घेते आहे आणि त्याचेच पुढे भाषांतर होणार आहे. ओळखीतल्या एकांनी मसुदा दिला: ‘लष्करी सेवेस कारणीभूत बहिरेपणाबद्दल नुकसानभरपाई मिळावी.’ मला हे वाक्य खटकते, पण नेमके कुठे ते सांगता येत नाही. ‘ॲट्रिब्युटेबल’ आणि ‘ॲग्रॅव्हेटेड’ यांना मराठीत काय लिहावे?

उत्तर १

ताई, खटकते ते बरोबरच खटकते. आपण ‘अपघाताला वेग कारणीभूत’ म्हणतो, तेव्हा ‘ला’ लागतो तो परिणामाला, आणि कारण असतो तो वेग. तुमच्या मसुद्यात ‘सेवेस’ आल्यामुळे सेवा हा परिणाम झाला आणि बहिरेपणा हे कारण. अर्थ पार उलटला! ‘कारणीभूत’ ठेवायचाच असेल तर ‘बहिरेपणास सेवा कारणीभूत आहे’ असे लिहा. ‘ॲट्रिब्युटेबल’साठी मी मात्र ‘सेवेमुळे उद्भवलेला’ लिहीन. त्यात घोळ होत नाही.

‘ॲग्रॅव्हेटेड’साठी ‘बळावलेला’ हा घरातला शब्द चपखल आहे. दुखणे बळावते म्हणजे ते आधीपासून होते आणि वाढले. म्हणूनच तो एकटा लिहू नका, नाहीतर कान आधीच अधू होता हे तुम्हीच कबूल केल्यासारखे होईल. ‘उद्भवलेला किंवा बळावलेला’ असे लिहा आणि तो ‘किंवा’ कोणालाही गाळू देऊ नका. निवृत्तिवेतनाच्या नियमातही दोन्हींपैकी एक पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटले की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असे धरायचे. दुखणे सेवेमुळे नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर. तेव्हा ‘भरतीच्या तपासणीत दोन्ही कान निर्दोष होते’ हे वाक्य निवेदनात अगदी वर हवे.

आता ‘नुकसानभरपाई’. हा शब्द मी काढूनच टाकीन. एसटीच्या अपघातात किंवा पीक बुडाल्यावर तो शोभतो. इथे कोणाची चूक सिद्ध करायची नाही, कोणावर ठपका ठेवायचा नाही. मागणी आहे ती निवृत्तिवेतनाच्या ‘अपंगत्व घटका’ची, आणि तो हक्क आहे. सैन्याच्या वैद्यकीय बोर्डाने किमान 20 टक्के अपंगत्व धरलेले असले पाहिजे. 2014 च्या राम अवतार निकालानंतर, नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेऊन मिळण्याचा मार्ग खुला झाला, म्हणजे 20 टक्क्यांचे 50 धरले जातात. 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत आणि तिथे या रकमेचे नावही बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले आहे. सासरे त्याआधीचे असतील तर जुनाच शब्द ठेवा.

उत्तर २

मी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करते. माझ्यापुढे बसलेली माणसे जे शब्द वापरतात त्यांबद्दल लिहिते, कारण निवेदनात तेच शब्द येतात आणि घात करतात.

‘कानठळ्या बसल्या’ हे फक्त त्या क्षणाचे वर्णन आहे. ‘दडे बसले’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, थोड्या वेळाने सुटले असतील. फायरिंगनंतर पहिल्या पहिल्यांदा दडे सुटतातही. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून ‘दडे बसले’ नंतर ‘आणि पुढे ऐकू येणे कमी झाले ते कमीच राहिले’ हे लिहायला हवे.

सगळ्यात घातक शब्द ‘कान फुटला’. धमाक्याने पडदा फाटला असे बोलणाऱ्याला म्हणायचे असते, पण मराठीत कान फुटणे म्हणजे कानातून पू वाहणे. भाषांतरकार ते जंतुसंसर्ग म्हणून उतरवील आणि सेवेशी असलेला संबंधच तुटेल. पडदा फाटला असेल तर ‘पडदा फाटला’ असेच लिहा.

‘ठार बहिरा’ही नको. आवाजाने झालेल्या इजेचा ऐकण्याचा आलेख (ऑडिओग्राम) साधारण असा दिसतो: खालच्या सुरांना रेघ बरी चालते, 4000 हर्ट्झला खड्ड्यासारखी खाली जाते आणि 8000 ला थोडी वर येते. अशा माणसाला हाक ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ निसटतात, गर्दीत बोलणे कळत नाही. निवेदनात हेच लिहा, आलेखाशी जुळेल. वय वाढल्यावर हा खड्डा पुसट होत जातो, म्हणून नोकरीतले जुने ऑडिओग्राम मागवून घ्या. आणि कुठल्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘वयोमानानुसार’ आले असेल तर ती जोडण्याआधी वकिलांना दाखवा.

उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा गाल बटावर (दस्त्यावर) टेकला की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. सासरे रायफलही उजव्या हातानेच चालवत असतील तर तेही लिहा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. त्यांनी आपणहून ‘दडे बसायचे’ असेच सांगितले आहे. ते तसेच ठेवून पुढचे वाक्य जोडते. रात्रीच्या किर्र आवाजाला ‘कर्णनाद’ लिहू का? आणि त्यांचा उल्लेख ‘दिव्यांग’ असा करावा का?

उत्तर २

‘कानात सतत किर्र आवाज येतो’ हे त्यांचे शब्द आधी, ‘कर्णनाद’ त्याच्यामागून. तक्रार त्यांच्या तोंडची वाटली पाहिजे.

उत्तर १

‘दिव्यांग’ इथे टाळा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याचे अपंगत्व दोन्ही कानांवर मोजतात, दोन्हीकडे निदान 60 डेसिबलची घट लागते. एका कानाचे नुकसान त्यात बसणार नाही आणि प्रमाणपत्र कुठे आहे असा प्रश्न उगाच निघेल. सैन्याच्या बोर्डाची टक्केवारी वेगळी मोजली जाते. अपिलांतही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे, तिथे हेच निवेदन उपयोगी पडेल. म्हणून सासऱ्यांची सही घेण्याआधी पूर्ण मजकूर त्यांना चांगल्या कानाच्या बाजूने, सावकाश वाचून दाखवा.