बोटीचं इंजिन लोडवर रेस सोडतंय, फ्युएल पंप उतरवू का?

हर्णै_बंदर:
नमस्कार मंडळी, वडिलांच्या वेळची लाकडी बोट आहे, आत सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन. १ जून ते ३१ जुलै बंदीत बोट वर ओढून ठेवली होती, नारळी पौर्णिमा झाल्यावर पाण्यात घातली. जेट्टीला मस्त चालतं, सेल्फ मारला की लगेच उचलतं. पण बाहेर १४०० आरपीएमवर अर्धा तास गेलो की रेस आपोआप उतरायला लागते, वरखाली होते आणि ९०० वर येऊन बसते. न्यूट्रलला थोडा वेळ ठेवलं की परत ठीक, मग पुन्हा तेच. डिझेल फिल्टर दोन्ही नवीन टाकले, टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर बरोबर आहे. मेकॅनिक म्हणतो पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून सेट करायला पाठवा. ऐन सीझनला बोट उभी करायची हिंमत होत नाहीये, खलाशी गावाहून आलेत. काय करू?

तांडेल_दाभोळ:
धूर कसा येतो ते सांग आधी. रेस उतरताना काळा धूर असेल तर इंजिनावर ओझं पडतंय, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात जाळं-दोरी अडकलीय का, पंख्याला आणि तळाला शिंपले धरलेत का ते बघ, नाहीतर हवा कमी मिळतेय, एअर फिल्टर चोंदलाय. धूरच नाही किंवा थोडा पांढुरका आहे तर डिझेल कमी पडतंय.

हर्णै_बंदर:
काळा अजिबात नाही दादा. जरासा पांढरा दिसतो, तोही रेस वरखाली होते तेव्हाच.

डिझेल_काका:
मग पंपाला आत्ता हात लावू नका, कळकळीने सांगतो. पंप किंवा नोझल गेलं असतं तर न्यूट्रलला ठेवून बरं झालं नसतं. जेट्टीला लोड नसतं, डिझेल थोडंच लागतं, म्हणून तिथे कळत नाही. दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) लाइनमध्ये असणार. एक स्वच्छ कॅन डिझेल भरून इंजिनाजवळ घट्ट बांधा, फीड पंपाची सक्शन नळी त्यात सोडा, आणि रिटर्नची नळी (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) पण त्याच कॅनमध्ये घाला नाहीतर कॅन टाकीत रिकामा होईल आणि इंजिन मध्येच बंद पडेल. लाइनमधली एअर काढा आणि बंदराच्या जवळच लोड देऊन बघा. नीट चाललं तर पंप निर्दोष.

आणखी एक, सक्शन बाजूला लीक असला तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून कोरडा दिसणारा जॉइंटसुद्धा खराब असू शकतो. बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले असतील तर बदला. मध्ये थोडा पारदर्शक पाइप टाकला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फक्त इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपाजवळ हाताचं बोट नेऊ नका, तिथून लीक झालेली डिझेलची जोरदार धार कातडीत घुसते आणि त्यात बोटं गेलेली आहेत लोकांची.

तांडेल_दाभोळ:
काकांशी सहमत. कॅनवर चाललं तर पुढच्या वेळी रेस उतरली की टाकीचं झाकण उघड. आत हवा ओढल्याचा आवाज झाला आणि इंजिन सावरलं तर टाकीची हवेची नळी (डिझेल कमी होतं तशी आत हवा सोडणारी) बंद आहे.

हर्णै_बंदर:
कॅनवर फुल थ्रॉटलला तासभर चाललं, हललं नाही! मग परत टाकीवर जोडलं, रेस उतरल्यावर झाकण उघडलं तर फस्सकन आवाज, थोड्याच वेळात इंजिन पूर्ववत. हवेची नळी उतरवली तर तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, पूर्ण बंद. बंदीत बोट वर होती तेव्हाच झालं असणार. तार घालून साफ केली, तोंडाला बारीक जाळी लावली. आज दिवसभर मस्त चाललं. दोघांचे मनापासून आभार, खूप मोठा खर्च वाचला.

डिझेल_काका:
छान! आता टाकीचा तळही काढून घ्या. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवली की आत पाणी धरतं, पाणी आणि डिझेलच्या मध्ये काळपट बुळबुळीत गाळ वाढतो. जेट्टीला तो तळाशी पडून राहतो, लाटांत ढवळला की फिल्टर भरतो. खालच्या कॉकमधून स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, आणि जुने फिल्टर फेकले नसतील तर कापून बघा, आतला गाळ किती ते कळेल.