डबल ॲक्शनची पहिली गोळी: स्प्रिंग हलकी करायची की हात तयार करायचा?

पहिली_गोळी (धागाकर्ता)

गेली चार वर्षं आयपीएससीच्या (वेळ आणि नेम दोन्ही मोजणाऱ्या पिस्तूल स्पर्धांच्या) प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये, म्हणजे फारसे फेरफार न केलेल्या पिस्तुलांच्या गटात, सीझेड कंपनीचं शॅडो २ पिस्तूल वापरतोय. या काळात पहिल्या गोळीबद्दल मला मिळालेला सल्ला जवळजवळ एकच होता: "हॅमरची स्प्रिंग बदलून हलकी घे." बदलली. दोनदा बदलली. आता माझं ठाम मत झालंय की नवख्या नेमबाजाला हा सल्ला पहिल्यांदा देऊच नये. का, ते सविस्तर लिहितो. विरोध जरूर करा, पण स्वतःच्या सरावातलं काही असेल ते लिहा.

ज्यांनी हे पिस्तूल हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेज (मॅचमधला एकेक टप्पा) सुरू होताना चेंबरमध्ये गोळी असते आणि हॅमर (ठोका देणारा घोडा) पूर्ण खाली असतो. पहिल्या गोळीला ट्रिगरच हॅमर मागे नेतो आणि सोडतो, म्हणून ती खेच लांब आणि जड. हीच डबल ॲक्शन. गोळी सुटली की मागे जाणारी स्लाइड हॅमर कॉक करून (मागे अडकवून) ठेवते, आणि तिथून पुढच्या सगळ्या खेचा आखूड नि हलक्या, म्हणजे सिंगल ॲक्शन. माझ्या पिस्तुलात गेजवर पहिली खेच साडेतीन किलो भरते, पुढची दीड किलो. नियमाप्रमाणे अशा पिस्तुलाची पहिली खेच साधारणपणे २.२७ किलोच्या खाली नेता येत नाही. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ही किमान मर्यादा ५०० ग्रॅम आहे, म्हणजे फरक किती ते कळेल. आणि शॅडो २ चं स्वतःचं वजन साधारण १ किलो ३३० ग्रॅम. पिस्तुलाच्या वजनाच्या अडीचपट जोर आपण एका बोटाने लावतो आणि तरी ते हलू नये असं म्हणतो.

मी काय करत होतो? हात पूर्ण लांब करायचो, साइट (नेमाची खूण) लावायचो, आणि मग ओढायला घ्यायचो. बझर वाजलेला, घाई झालेली, त्यामुळे साडेतीन किलो एका झटक्यात. ट्रिगर दोन तृतीयांश मागे आला की बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जायची आणि फ्रंट साइट डावीकडे खाली बुडायची. सात मीटरवरच्या उघड्या टार्गेटवर गोळी मधल्या ए ऐवजी कमी गुणांच्या सीमध्ये, कधी आणखी कमी गुणांच्या डीमध्ये. हलक्या स्प्रिंगने हे बुडणं कमी झालं, गेलं नाही. चूक तीच राहिली, फक्त लहान दिसायला लागली.

फरक पडला तो खेच लवकर सुरू केल्यावर. दोन्ही हात छातीसमोर जुळले, नळी टार्गेटच्या दिशेने गेली, की बोट ट्रिगरवर. हात पुढे जातात तसतसा ट्रिगर मागे येतो. दोन्हींचा वेग एकच. साइट डोळ्यासमोर स्थिरावते तोवर निम्म्याहून जास्त खेच संपलेली असते. राहिलेलं अंतर साइट बघत बघत पार करायचं, मध्ये कुठेही न थांबता. रोज ड्राय फायरमध्ये (गोळी न भरता केलेल्या सरावात) स्लाइडवर, फ्रंट साइटच्या मागे, रिकामं काडतूस उभं ठेवून पन्नास वेळा. सुरुवातीला दहातली सहा काडतुसं खाली पडायची. डबल ॲक्शनची एक सोय अशी की दर वेळी स्लाइड ओढावी लागत नाही, नुसता ट्रिगर सोडला की पुढची खेच तयार.

म्हणून मी म्हणतो: आधी सहा महिने मूळ स्प्रिंगवर हात बसवा. मग काय ते बदला.

स्ट्रायकरवाला

मनापासून लिहिलंय, पण मूळ गृहीतकच पटलं नाही. आकडे बघा. आयपीएससीत लहान स्टेज जास्तीत जास्त १२ गोळ्यांची, मध्यम २४, लांब ३२. लहान, मध्यम आणि लांब स्टेजेसचं सुचवलेलं प्रमाण ३:२:१. बारा स्टेजेसची मॅच धरली तर सहा लहान, चार मध्यम, दोन लांब, म्हणजे ७२ + ९६ + ६४, एकूण २३२ गोळ्या. त्यात डबल ॲक्शनच्या फार तर १२. पिस्तूल रिकामं ठेवून सुरू होणाऱ्या स्टेजेस वजा केल्या तर आणखी कमी, कारण तिथे स्लाइड ओढतानाच हॅमर कॉक होतो. पाच टक्के गोळ्यांसाठी सहा महिने?

माझं पिस्तूल स्ट्रायकर-फायर्ड, म्हणजे बाहेर हॅमर नसलेलं. त्यात पहिली खेच आणि पंधरावी खेच सारखीच. तुम्ही जे पन्नास वेळा काडतूस सांभाळता, त्या वेळात मी रीलोड आणि पायांची हालचाल घोटतो. नवख्याला खरा सल्ला द्यायचाच असेल तर तो स्ट्रायकर-फायर्ड घेण्याचा आहे.

पहिली_गोळी

पाच टक्के गोळ्या हे बरोबर. पण गुण गोळ्या मोजून मिळत नाहीत, हिट फॅक्टरवर मिळतात, म्हणजे गुण भागिले वेळ. प्रॉडक्शनमध्ये सगळेच मायनर (कमी गुणांच्या श्रेणीत): ए ला ५, सी ला ३, डी ला १.

१२ गोळ्यांची स्टेज घ्या. सगळे ए, ६० गुण, वेळ ६ सेकंद, हिट फॅक्टर १०. आता फक्त पहिली गोळी सीमध्ये गेली: ५८ भागिले ६, म्हणजे ९.६७. सगळे ए मारून ६.२ सेकंद लावले असते तरी हेच आलं असतं. पहिली गोळी डी असेल तर ०.४३ सेकंदांचं नुकसान. आणि मिस झाली तर ए चे पाच गेले, वर दहा दंड, उरले ४५. हिट फॅक्टर ७.५. सगळे ए मारून ८ सेकंदांत स्टेज संपवल्यासारखं! दोन सेकंद गेले, एका गोळीत.

शिवाय तुमच्याच प्रमाणाने निम्म्या स्टेजेस लहान आहेत, आणि नेमकं तिथेच एका गोळीचं वजन जास्त असतं. रीलोड घोटून तुम्ही दोन दशांश वाचवता, मी पहिली गोळी ए मध्ये घालून तेवढेच वाचवतो.

लहान_हात

धागाकर्त्याशी मी असहमत आहे, आणि थोडी दुखावलेही आहे. "आधी मूळ स्प्रिंगवर सहा महिने" हे ज्याचं बोट ट्रिगरपर्यंत पोचतं त्याने म्हणावं.

हॅमर खाली असताना ट्रिगर पुढे असतो. माझा हात लहान. पिस्तूल मनगटाच्या सरळ रेषेत नीट धरलं तर बोटाचं जेमतेम टोक ट्रिगरला लागायचं. डबल ॲक्शनला बोट आत, पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत हवं, नाहीतर जोरच लागत नाही. टोकाने साडेतीन किलो ओढायचे म्हणजे पिस्तूल बाजूला ढकलणं. मग मी पकड फिरवायला लागले, अंगठ्याच्या बुडाशी रिकॉइल घ्यायला लागले, आणि दोन महिन्यांत मनगट दुखायला लागलं. मला तेव्हा सगळे सांगत होते, सराव वाढव. वाढवला. चुकीच्या पकडीचाच सराव वाढला.

सुटका झाली ती पातळ ग्रिप पॅनेल्स आणि हलक्या हॅमर स्प्रिंगने. खेच अडीच किलोच्या थोडी वर आली. त्यानंतरच, तुम्ही म्हणता ती हात पसरतानाची खेच मला जमली. आधी अवजार हाताला बसवायचं, मग तंत्र. उलटं नाही.

पहिली_गोळी

ताई, मुद्दा पूर्ण मान्य. बोट पोचत नसेल तर माझा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, इजा करणारा आहे. "आधी सहा महिने" हे वाक्य मी मागे घेतो. बोटाची रेष ट्रिगरवर येते का, हे पहिल्या दिवशी बघायचं, आणि येत नसेल तर ग्रिपपासून सुरुवात.

एकच विचारतो: हलक्या स्प्रिंगवर गोळी न सुटण्याचा त्रास झाला का? मला झाला. दुसरी, आणखी हलकी स्प्रिंग टाकली तेव्हा बझरनंतर पहिल्याच खेचेला नुसता 'टक'. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) बारीकसा खळगा, गोळी तशीच. स्लाइड ओढून ती बाहेर काढेपर्यंत स्टेज गेली होती.

लहान_हात

झाला. सीसीआय कंपनीचे प्रायमर कडक, तिथे दहा-पंधरा गोळ्यांमागे एखादी राहायची. फेडरलचे नरम, त्यांवर अडलं नाही. लांब फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) टाकल्यावर बराच फरक पडला. पण जे प्रायमर आपल्याला नेहमी मिळतात त्यांवर कमीत कमी दोनशे गोळ्या उडवून बघितल्याशिवाय हलक्या स्प्रिंगवर मॅचला जाऊ नये, हे मी सगळ्यांना सांगते.

रेंज_ऑफिसर

दोन गोष्टी, दोन्ही सुरक्षेच्या. धाग्यात कुणी काढल्या नाहीत म्हणून लिहितो.

पहिली. "हात पसरतानाच खेच सुरू" हे वाचून कुणी होल्स्टरमधून पिस्तूल निघतानाच बोट आत घालेल. ते मी रेंजवर पाहिलंय. धागाकर्त्याने क्रम बरोबर लिहिलाय: हात जुळले, नळी टार्गेटकडे गेली, मग बोट. हा क्रम हळू वेगात पक्का होईपर्यंत टायमर लावूच नका. आणि पाय हलत असताना, टार्गेटवर नेम नसताना, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर.

दुसरी गोष्ट हॅमर खाली घेण्याची. पिस्तुलाला डीकॉकर (हॅमर सुरक्षितपणे खाली घेणारी कळ) असेल तर डीकॉक करायला फक्त तोच वापरायचा, ट्रिगरला हात लावायचा नाही. डीकॉकर नसेल तर हॅमर हाताने पूर्ण पुढे न्यायचा, मधल्या हाफ-कॉक खाचेवर ठेवलेला चालत नाही. शॅडोला डीकॉकरही नाही आणि फायरिंग पिन ब्लॉकही (पिन अडवून ठेवणारा भाग) नाही. म्हणजे भरलेल्या चेंबरवर हॅमर बोटांतून निसटला तर गोळी सुटणार, आणि त्या क्षणी तुम्ही मॅचमधून बाद. नळी गोळ्या अडवणाऱ्या बांधाकडे, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत हॅमर घट्ट, ट्रिगर दाबून हॅमर सुटला की तो सावकाश खाली, आणि हाफ-कॉक खाच ओलांडली की मगच ट्रिगरवरचं बोट बाहेर. घामेजलेली बोटं आधी पुसा. माझ्या मते या पिस्तुलात पहिल्या गोळीपेक्षा ही क्रिया जास्त शिकण्यासारखी आहे, आणि तिचा सराव फार थोडे लोक करतात.

आणि बझरनंतर अंगठ्याने हॅमर कॉक करून पहिली गोळी हलकी करायची युक्ती कुणाला सुचत असेल, तर प्रॉडक्शनमध्ये त्याला प्रोसिजरल (कार्यपद्धती मोडल्याचा) दंड आहे, १० गुणांचा.

सहा_खणी

मी रिव्हॉल्वरवाला. माझी प्रत्येक गोळी डबल ॲक्शन, त्यामुळे पहिल्या गोळीची भीती हा प्रकार मला कधी कळलाच नाही. अमेरिकन रिव्हॉल्वर नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या २.९९ सेकंदांत मारल्या, सगळ्या याच लांब खेचेने. जड खेच म्हणजे हळू खेच नव्हे.

मी सांगेन ते एवढंच: खेच सुरू झाली की थांबू नका. ट्रिगर मागे आणून शेवटच्या कड्यावर थांबवायचा, साइट पुन्हा नीट करायची आणि मग टिचकी मारायची, ही सवय अनेकांना लागते. त्या थांब्यात बोट थरथरतं आणि शेवटची टिचकी झटका होते. तुमच्या दुसऱ्या हाताची पकड ढिली असेल तर कुठलंच तंत्र चालणार नाही. तो हात करकचून, ट्रिगरचा हात त्यामानाने मोकळा. मूठ जेवढी आवळलेली तेवढं बोट एकटं हलू शकत नाही.

धागाकर्त्यांनी अख्खा सराव डबल ॲक्शनवरच करावा असं मला वाटतं. एकच खेच, हजार वेळा.

स्ट्रायकरवाला

हिट फॅक्टरचं गणित मी कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. मुद्दा पटला. पण सहा_खणी, तुमचा शेवटचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. स्ट्रायकरकडे वळण्याआधी मी दोन वर्षं बेरेटा ९२ चालवलं. माझी पहिली गोळी चांगली जायची. घोळ दुसरीत व्हायचा. पहिल्या लांब खेचेच्या जोराची बोटाला सवय, त्याच जोराने बोट दुसऱ्यांदा आत, आणि समोर दीड-दोन किलोचा ट्रिगर. साइट परत यायच्या आधीच गोळी सुटलेली. पहिली ए, दुसरी खांद्यावर डी. माझ्या जुन्या टार्गेट्सवर ही जोडी इतक्या वेळा दिसते की मी तेव्हा ते पिस्तूलच विकलं.

रिव्हॉल्वरवाल्याला ही दुसरी गोळी नसते. म्हणून सगळा सराव डबल ॲक्शनवर केला तर या पिस्तुलात नुकसानच होईल.

सहा_खणी

खरं आहे. हा अनुभव मला नाही. सल्ला माझ्या अवजाराला लागू, तुमच्या नाही.

पहिली_गोळी

स्ट्रायकरवाला, हे तुम्ही बरं लिहिलंत. काल संध्याकाळी जुनी टार्गेट्स काढून बसलो. पहिल्या जोडीतली दुसरी गोळी माझीही खराब आहे, पण मी आजवर पहिलीच मोजत होतो.

अडचण अशी की ही जोडी ड्राय फायरमध्ये घोटता येत नाही. गोळी सुटत नाही, स्लाइड हलत नाही, हॅमर कॉक होत नाही. आज सकाळी रिकाम्या पिस्तुलावर एक करून पाहिलं: पहिली लांब खेच, ट्रिगर मागेच दाबून धरला, दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून सोडली, मग ट्रिगर रीसेटच्या क्लिकपर्यंतच (जिथे तो पुढच्या खेचेला तयार होतो) पुढे सोडला आणि आखूड खेच. वेगाचा सराव होत नाही, पण बोटाला दोन्ही अंतरांमधला फरक कळतो. रीसेटचा क्लिक तर मला आज पहिल्यांदा नीट जाणवला, चार वर्षांनंतर.

रेंजवर मात्र बदल करतोय. आत्तापर्यंत मॅगझिन भरून एकदाच डबल ॲक्शन आणि मग चौदा गोळ्या सिंगल ॲक्शनवर उडवायचो. आता होल्स्टरमधून दोनच गोळ्या, पहिली लांब, दुसरी आखूड, हॅमर सावकाश खाली, पिस्तूल परत होल्स्टरमध्ये. शंभर गोळ्यांत पन्नास जोड्या होतील, आणि रेंज_ऑफिसर म्हणतात तो हॅमर खाली घेण्याचा सरावही तितक्याच वेळा.

रेंज_ऑफिसर

पन्नास एका दमात करू नका. दहा जोड्या झाल्या की पिस्तूल रिकामं करून पाच मिनिटं बसा. बोटं थकली की हॅमर निसटतो.

लहान_हात

मीही या रविवारी याच जोड्या करणार आहे. दोघांचीही दुसरी गोळी टार्गेटवर वेगळ्या रंगाने खूण करून ठेवूया, म्हणजे महिन्याभराने ताडून बघता येईल.