खारपाण पट्टा (पूर्णा खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा भाग): बायोफ्लॉक टाकीत अमोनिया ३, चुना मारू की झिओलाइट?

दर्यापूर_टाकी:
टाकी ४ मीटर व्यासाची, पाणी १ मीटर, म्हणजे साडेबारा हजार लिटर. बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३५००. तिलापिया माशाची १५०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून १२ दिवस झाले. खाद्य ३२ टक्के प्रथिनांचं, रोज ४०० ग्रॅम. किटवर अमोनिया ३ (मिलीग्रॅम प्रति लिटर), पीएच ८.५, पाणी ३० अंश. मोजायच्या शंकूत (एक लिटर पाणी निवळायला ठेवतात ते भांडं) फ्लॉक, म्हणजे अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचे पुंजके, जेमतेम ३ मिली. सकाळी मासे वर येऊन तोंड मारतात. दुकानदार झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारं खनिज) घ्या म्हणतो, शेजारचे म्हणतात दोन किलो चुना मारा. काय करू भाऊ?

पूर्णाथडी:
चुन्याला हात लावू नका. किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. माशाला मारतो तो त्यातला मोकळा भाग, आणि तो पीएचवर ठरतो. ३० अंशाला पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियाच्या अडीच टक्केच मोकळा असतो, ८ ला साडेसात टक्के आणि ८.५ ला वीस टक्के. म्हणजे तुमच्या ३ मधला ०.६ आत्ताच विषारी आहे. चुन्यानं पीएच ९ कडे गेला तर हाच आकडा दुपटीच्या वर जाईल, अन् सकाळी मासे पोटं वर करून दिसतील.

आजच खाद्य बंद करा, दोन दिवस पूर्ण. तिलापिया उपाशी मरत नाही. ४०० ग्रॅम खाद्यात नायट्रोजन साधारण २० ग्रॅम, त्यातला निम्मा पाण्यात उतरतो. तुमच्या टाकीत तो रोजचा लिटरमागे ०.८ मिलीग्रॅम झाला. अमोनिया ३ वर का गेला, हे यातच आलं.

मग ३० टक्के पाणी बदला. काढायचं ते मधल्या ड्रेनमधून, म्हणजे बुडाचा गाळ आधी निघेल. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन नसतोच, म्हणून पाइपाची धार उंचावरून सोडा किंवा पाणी ड्रममध्ये हवा देऊन मग घ्या. एवढ्यानं अमोनिया २ च्या आसपास येतो, म्हणजे टाकीत सुमारे २६ ग्रॅम.

आता गूळ, तो खाऊन जिवाणू वाढतात आणि अमोनिया वापरून टाकतात. १ ग्रॅम अमोनियाला १५ ग्रॅम धरा, होतो ४०० ग्रॅम. काळा, बिनरसायनाचा घ्या. टाकीच्याच पाण्यात विरघळवून २०० आज सकाळी, २०० उद्या सकाळी. रात्री कधीच नाही, कारण गूळ खाऊन वाढणारे जिवाणू ऑक्सिजनही ओढतात. एकदम ओतला तर अमोनियानं वाचलेले मासे गुदमरून जातील.

किटवाला:
झिओलाइटवर पैसे घालवू नका. गोड्या पाण्यात ते काम करतं. खाऱ्या पाण्यातला सोडियम अमोनियाची जागा बळकावतो आणि धरलेला अमोनियाही परत सुटतो. वापरलेलं झिओलाइट मिठाच्या पाण्यातच धुऊन ताजं करतात, यावरून समजा. समुद्री मत्स्यालयात ते चालत नाही ते याच कारणानं.

किट नेस्लरचं (पिवळा रंग) आहे का? खाऱ्या, जड पाण्यात त्याचा नमुना गढूळ होतो अन् आकडा फसवतो. नमुना दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी घ्या, निम्मं आरओचं पाणी मिसळा आणि आलेला आकडा दुप्पट करा. हिरव्या रंगाचं सॅलिसिलेट किट बरं.

फिडर_पाहा:
राजेहो, टाकी गावठाणात आहे की शेतात? शेती फिडरला (शेतीच्या वीजवाहिनीला) लाइन ८ तास. हवा बंद झाली की फ्लॉक तळाशी बसतो, सडतो अन् अमोनिया पुन्हा वर. त्या स्थितीत गूळ टाकणं म्हणजे आगीत तेल.

दर्यापूर_टाकी:
शेतातच आहे. लाइन गेली की ब्लोअर बंद. किट पिवळं.

फिडर_पाहा:
मग आधी इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा डीसी एअर पंप बसवा, गूळ त्यानंतर. निदान रात्रभराची सोय लागेल.

पूर्णाथडी:
बरोबर, क्रम बदला: हवा, पाणी, मग गूळ. अमोनिया १ च्या खाली आला की खाद्य १५० ग्रॅमपासून सुरू करा, आणि दर १०० ग्रॅम खाद्यामागे सुमारे ४० ग्रॅम गूळ. शंकूत फ्लॉक २५ मिली झाला की गूळ हळूहळू कमी करत न्या, ५० च्या वर गेला तर तळातून काढा. क्षारता (पीएच पडू न देण्याची पाण्याची ताकद, खारेपणा नव्हे; मिलीग्रॅम प्रति लिटर) मोजत राहा. आपल्याकडच्या पाण्यात ती बहुधा भरपूर असते. १०० च्या खाली गेली तरच खायचा सोडा टाका. ५० नं वाढवायला तुमच्या टाकीला साधारण १ किलो लागेल.

आणखी एक. अमोनिया उतरला की आठवडाभरात नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं करतात ते दुसरं विष) चढतं. कल्ले चॉकलेटी दिसले तर तेच समजा. क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, त्यामुळे तुमचं खारं पाणी इथं कामी येईल. पण बोअरचा पाणी अहवाल काढून क्लोराइड किती ते पाहा, सगळा खारेपणा मिठाचाच असतो असं नाही.