साइट इंजिनिअरची प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय – मुलाखतीला नक्की काय विचारतात?

गोदाकाठची_सिव्हिल

नमस्कार मंडळी. नाशिकला एका बिल्डरकडे सीनियर साइट इंजिनिअर आहे. डिप्लोमा करून नोकरीला लागले, बीई नंतर केलं. सध्या पार्किंग अधिक बारा मजल्यांची इमारत माझ्याकडे आहे. आरसीसी संपलं, ब्लॉकवर्क आणि आतलं प्लास्टर चालू आहे. पुण्यात वाकडला प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. त्यांचे दोन टॉवर आहेत, काम मायव्हानमध्ये (काँक्रीट भरायचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे). मी आजवर प्लायच्या शटरिंगवरच काम केलंय.

नेटवर 'प्रोजेक्ट लाइफसायकल म्हणजे काय', 'तुमची नेतृत्वशैली कोणती' असले प्रश्न सापडतात. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) केलेलं नाही, एमएसपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट) जुजबी येतं. हातात थोडेच दिवस आहेत, तर भर कशावर देऊ?

स्लॅब_ते_स्लॅब

ताई, व्याख्या पाठ करू नका. मी या मुलाखती घ्यायला बसतो, आम्हाला एकच बघायचं असतं: तारीख, पैसा आणि माणसं या तिन्हींचा मेळ उमेदवाराच्या डोक्यात बसलाय का. त्यासाठी तुमची बारा मजल्यांची इमारतच पुरेशी आहे. एका मजल्याला काँक्रीट किती लागलं, स्टील किती, स्लॅब सायकल (एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस) किती दिवसांची होती, आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) किती दिवसांनी पास व्हायचं, हे कागद न बघता सांगता आलं पाहिजे. मोघम बोलणारा माणूस तिथेच कळतो.

माझा ठरलेला प्रश्न: 'आरसीसी तीन आठवडे मागे आहे, काय कराल?' बहुतेक जण लगेच म्हणतात, लेबर वाढवीन, नाईट शिफ्ट लावीन. मला आधी उलट प्रश्न हवा असतो. काम अडलंय कशात? ड्रॉइंग आलं नाही, स्टील आलं नाही, की काँट्रॅक्टरचं बिल थकलंय? बिल थकलं असेल तर तो गँग वाढवणार कुठून? आणि मागे पडलेलं काम क्रिटिकल पाथवर आहे का, म्हणजे ते लांबलं की पूर्ण प्रकल्पाची तारीख लांबते असं आहे का? लिफ्टच्या मशीनरूमचं प्लास्टर मागे पडणं वेगळं आणि स्लॅब मागे पडणं वेगळं.

मायव्हानचं दडपण घेऊ नका, पण फरक समजून जा. भिंत आणि स्लॅब एकत्र भरतात, म्हणून इलेक्ट्रिकचे कंड्यूट, प्लंबिंगचे स्लीव्ह, खिडक्यांची मापं आधीच पक्की लागतात. ब्लॉकवर्कमध्ये दरवाजा चार इंच सरकवता येतो, इथे काँक्रीटची भिंत तोडावी लागते. त्यामुळे पीएमचा निम्मा जीव स्लॅबपेक्षा ड्रॉइंगच्या मागे जातो.

आणखी एक प्रश्न नक्की येईल: 'आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप (खालचे टेकू) 7 दिवस ठेवायचे, त्यापुढच्या स्पॅनला 14 दिवस. मग आठवड्याला मजला कसा चढतो?' उत्तर असं की पॅनल निघतात, प्रॉप निघत नाहीत. मायव्हानमध्ये प्रॉपचं डोकं स्लॅबला टेकलेलंच राहतं आणि बाजूचे पॅनल सुटतात. पॅनलचा सेट एक, पण प्रॉप तीन-चार मजल्यांचे लागतात. हे कारणासकट सांगितलंत तर 'मायव्हान केलं नाही' हा मुद्दाच मागे पडतो.

बारचार्ट

मी प्लॅनिंगला आहे. एमएसपी जुजबी येत असेल तर सगळं शिकायला जाऊ नका. स्वतःच्या इमारतीचा बारचार्ट करा, बेसलाइन (मूळ ठरलेल्या तारखा) सेव्ह करा, खऱ्या तारखा भरा आणि फ्लोट (कामाला हातात असलेले जादा दिवस) कुठे संपला ते शोधा. त्याची ए3 प्रिंट सोबत न्या. समोर ठेवलीत की बोलणं आपोआप तुमच्या कामावर येतं.

पावसाळा शेड्यूलमध्ये दाखवा. रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या) 2016 च्या कायद्यात मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी कारणं धरली आहेत. दरवर्षीचा जूनचा पाऊस त्यात बसत नाही. खोदाई आणि राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) पावसाच्या आधी संपवायचं हे प्लॅनमध्ये दिसलंच पाहिजे.

गोदाकाठची_सिव्हिल

सर, दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट राहिली. 'काँट्रॅक्टरशी वाद झाला तर कसं हाताळाल' हे मला बाई म्हणून हमखास विचारतात आणि विचारताना चेहऱ्यावर शंका असते. काय सांगू?

बिलिंगवाली

अगं, तत्त्वज्ञान सांगू नकोस, घडलेला एक वाद सांग. मी माझ्या मुलाखतीत प्लास्टरचा सांगितला होता. काँट्रॅक्टर म्हणत होता, दरवाजाची वजावट करूच नका. आमचा ज्युनिअर दोन्ही बाजूंनी वजा करून बसला होता. मोजणी काँट्रॅक्टप्रमाणे आयएस 1200 (बांधकाम मोजणीचं मानक) ने होती. त्याच्या भाग 12 मध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगला वजावट नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरला दोन्हीकडे सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची. दरवाजा 0.9 गुणिले 2.1, म्हणजे 1.89. मुकादमाच्या हातात टेपचं एक टोक दिलं, मोजून एका बाजूची वजावट लिहिली, दोघांची सही घेतली. आवाज कुणालाच चढवावा लागला नाही.

बाई आहेस म्हणून शंका घेणाऱ्याला मापाचं पुस्तक पुरतं. तुझ्याकडे असे वाद असणारच, त्यातला जो कागदावर मिटला तो निवड.

स्लॅब_ते_स्लॅब

अगदी बरोबर. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतील, तेव्हा 'नाही सर' म्हणू नका. निघण्याआधी महारेराच्या साइटवर त्यांचा प्रकल्प उघडा, पूर्णत्वाची तारीख बघा, आणि त्यांना विचारा की सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) किती मजल्यांपर्यंत मिळालीय. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात असतात, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांनी कामाची प्रगती दाखवल्यावर त्या प्रमाणातच निघतात. तेव्हा साइट मागे पडली की पैसेही अडकतात. म्हणून हेही विचारा की काँट्रॅक्टरचं बिल पीएमने सर्टिफाय केल्यावर किती दिवसांत सुटतं. यावर गोलमोल उत्तर आलं तर पगार कितीही सांगोत, घरी जाऊन नीट विचार करा. तारखेची जबाबदारी तुमच्या गळ्यात आणि बिलाची सही दुसऱ्याच्या टेबलावर, अशी जागा घेऊ नये.